सबब, दुर्बीण सरकत नाही

अर्जदार : कै. गंगाराम, फुग्यांच्या नेमबाजीचा स्टॉल चालवणारे, राहणार लोहगडवाडीच्या वरच्या अंगाची वस्ती. त्यांच्या पश्चात पत्नी हौसाबाई.

सामनेवाले : पायथ्याची विक्रेता समिती, तर्फे अध्यक्ष.

साक्षीदार : (१) हौसाबाई, वरीलप्रमाणे. (२) शंकरआबा, सेवानिवृत्त सैनिक, राहणार टाकवे बुद्रुक. (३) मी स्वतः, अर्जनवीस, बसण्याची जागा कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून.

घटनेची तारीख : गेल्या वर्षी पावसाळा सरून गडावर पुन्हा गर्दी लोटू लागली, त्या सुमाराचा एक रविवार.

तक्रारीचा विषय : एक शब्द.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे माझ्या व्यवसायातील अनुभव मागितले आणि मी त्यांना अर्जच पाठवत आहे, याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्याने आयुष्य अर्ज लिहिण्यात घालवले, त्याच्या हातून सरळ लेख उतरत नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण कचेरीच्या पायरीवर झाले, आणि ते अद्याप चालू आहे. या तालुक्यात ‘सबब’ हा शब्द ‘म्हणून’ या अर्थी योग्य जागी वापरणारे आता फार थोडे उरले आहेत. त्यांत माझी गणना होते, असे खुद्द कचेरीतील मंडळी म्हणतात.

अर्जनवीस काय करतो, हे नव्या पिढीस सांगणे आवश्यक आहे. हल्ली सर्व काही मोबाइलवर भरता येते, असा समज आहे. भरता येते, हे खरे. परंतु मोबाइलमध्ये चौकोन असतात आणि माणसाचे गाऱ्हाणे चौकोनात बसत नाही. माणूस माझ्यासमोर बसतो, अर्धा वेळ रडतो किंवा शिव्या देतो, आणि त्यातून मला विषय, संदर्भ, हकिगत आणि विनंती अशी चार अंगे वेगळी काढावी लागतात. शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवतो म्हणून अर्ज लिहून घ्यायला एक गृहस्थ आले होते. “कोणत्या कार्यालयाला लिहू?” असे मी विचारले, तर म्हणाले, “सगळ्यास्नी एकेक प्रत द्या, कुटं ना कुटं लागंल.” लोणावळ्याच्या एका बंगल्याचा म्हातारा रखवालदार आला होता. त्याचे मालक कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. पगार बँकेत वेळेवर येत होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याची विनंती एवढीच होती, की मालकांनी एकदा येऊन बंगला पाहून जावे, कारण तो रोज झाडत होता. तो अर्ज मी लिहिला. त्याचे उत्तर आले नाही, हे वेगळे सांगावयास नको.

माझी एक पद्धत आहे. अर्ज लिहून झाला, की सही किंवा अंगठ्यापूर्वी तो मी अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवतो. माझे गुरू असे करीत. आपल्या नावाने काय बोलले जात आहे, हे माणसाने आपल्या कानांनी ऐकले पाहिजे, असे ते म्हणत. बहुतेक अर्जदार माना डोलावतात. शुद्ध भाषेतील आपले दुःख ऐकून काहींना ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटते आणि ते हळहळतात. मध्येच थांबवणारा अर्जदार मला इतक्या वर्षांत एकच भेटला. तो गंगाराम.

गंगाराम डोंगरातल्या वस्तीवरचा माणूस. थोडी भातखाचरे आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. काही काळ तो आंबीच्या एका कारखान्यात हेल्पर होता आणि तेथे ड्रिल मशीन चालवण्यास शिकला. पुढे गडाच्या वाटेवर त्याने फुगे फोडण्याचा स्टॉल टाकला. ताडपत्री, फळी, फळीवर फुगे आणि छर्ऱ्याची बंदूक. असे स्टॉल पुष्कळ असतात. परंतु गंगारामच्या स्टॉलवर एक लांबचा फळाही होता, ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, आणि त्यासाठी एका बंदुकीवर त्याने दुर्बीण बसवली होती. तरुण मुले त्या दुर्बिणीसाठी रांग लावीत आणि फोटो काढून घेत.

फुग्यांच्या स्टॉलबद्दल लोकांत एक समज पक्का आहे, की बंदुकीचा नेम मुद्दाम वाकडा ठेवलेला असतो. कोठे कोठे तो ठेवतातही. गंगाराम ठेवत नसे. सकाळी स्टॉल उघडला, की पहिले छर्रे तो स्वतः झाडी आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाच्या हाती बंदूक देई. हौसाबाई सांगतात, “देवाला अगरबत्ती लावावी तसं त्यांचं ते असायचं.”

तरीही दुर्बीण सरकत असे. येथे थोडी तांत्रिक बाजू सांगणे भाग आहे. दुर्बीण बंदुकीवर दोन कड्यांनी आवळलेली असते. कड्यांचे पाय बंदुकीच्या पाठीवरील खाचेत बसतात आणि बाजूच्या स्क्रूंनी घट्ट केले जातात. छर्रा सुटताना बंदुकीला झटका बसतो. एका झटक्याने काही होत नाही. परंतु झटक्यामागून झटके बसत गेले, की कड्या खाचेतून तसूतसूने सरकू लागतात, दुर्बीण केसभर तिरकी होते आणि सकाळी फुग्यावर असलेला नेम दुपारी फळीच्या कडेला जातो. गंगारामने कड्यांखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. ती दबली. मग पॉलिश पेपरचा तुकडा घातला. तो काही दिवस टिकला. स्क्रू अधिक आवळले, तर दुर्बिणीची नळीच चेपू लागली.

वर लिहिलेल्या रविवारी शहरातून आलेल्या एका तरुणाने लांबच्या फळ्यावर नेम धरला. सोबत त्याची होणारी सासुरवाडी होती. सगळे छर्रे वाया गेले. सासऱ्यांनी काही विनोद केला असावा. तरुणाने मोबाइल काढून सर्वांसमोर चित्रण सुरू केले आणि दुर्बिणीकडे बोट दाखवत म्हणाला, “बघा, मुद्दाम सैल ठेवलीय. लोकांना लुटायचे धंदे!” गंगाराम म्हणाला, “दादा, सरकली आसंल, मी आत्ता बसवून देतो.” एवढेच वाक्य चित्रणात आले, आणि ते कबुलीजबाब म्हणून गावोगाव फिरले.

समितीने कागद काढला. ‘सदर स्टॉलवर ग्राहकांची फसवणूक होत असल्याचे आढळून आल्याने स्टॉल पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात येत आहे.’ तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टॉलच्या खांबाला खिळ्यांनी ठोकण्यात आला. गडावर जाणारा प्रत्येक जण तो वाचू लागला.

गंगाराम माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला नेहमीप्रमाणे प्रथम पाणी दिले. त्याने ते प्यायले नाही.

“भाऊ, स्टॉल बंद ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “भात हाय, मजुरी हाय. पर त्यो एक शबुद काढा म्हनावं.”

“कोणता?”

“फसवणूक.”

मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ आणि हकिगत उत्तम उतरली होती. शेवटी रिवाजाप्रमाणे लिहिले, ‘तरी माझ्याकडून झालेल्या चुकीबद्दल उदार अंतःकरणाने क्षमा करून मज गरिबावर दया करावी.’ हे वाक्य मी आजवर अगणित अर्जांत लिहिले आहे. ते वाचून दाखवताना गंगारामने हात वर केला.

“थांबा, भाऊ. क्षमा कशाची?”

“अरे, ही लिहिण्याची रीत आहे.”

“क्षमा मागितली म्हंजी केलं असं व्हतं. मी केलंच न्हाई. आन् दया नगं. बंदूक बघा म्हनावं, येवढंच लिवा.”

कचेरीबाहेर बसलेली मंडळी हसली. दयेशिवायचा अर्ज म्हणजे मिठाशिवायची भाजी, असे कोणी तरी म्हणाले. मी ते वाक्य खोडले आणि अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढला. त्याच्या शेवटी केवळ असे होते, ‘सबब, समितीने सदर बंदुकीची समक्ष तपासणी करावी.’

समितीच्या अध्यक्षांबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. त्यांनी अर्ज वाचला आणि तपासणीचा दिवस दिला. गंगाराम त्या तयारीला लागला. टाकवे बुद्रुकचे शंकरआबा लष्करातून निवृत्त झालेले. दुर्बिणीच्या रायफली त्यांनी पाहिलेल्या. गंगाराम त्यांच्याकडे गेला, तेव्हा मीही सोबत होतो. आबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी बंदूक हातात घेतली, दुर्बीण हलवून पाहिली आणि हसले.

“गंग्या, ह्याला अडसर कुटं हाय? कडीच्या म्होरं भोक पाड आन् त्यात पोलादी पिन बसीव. कडी पिनंला टेकली पायजे. मग कुटं जाती बघू.”

“म्होरंच का, आबा?”

“आता तुला काय सांगू! एस.टी.त उभा हायेस. डायवरनं एकदम रिवस घेतली. तू कुटं जाशील?”

“म्होरं.”

“तसंच. गोळी सुटली की रायफल मागं खांद्यात घुसती. दुर्बीण जागच्या जागी ऱ्हाती, म्हंजी म्होरं जाती. सगळ्या फौजेत अडसर म्होरंच असतो.”

हे अगदी बरोबर होते. मी स्वतः ते समजून घेतले आणि मला त्यात काही खोट दिसली नाही. गंगारामने ओळखीने आंबीच्या कारखान्यातील ड्रिल मशीनवर भोक पाडून घेतले आणि पुढच्या कडीच्या पुढे पिन ठोकली. ती इतकी चपखल बसली होती, की पिन व कडी यांच्यामध्ये नखही शिरत नसे.

तपासणीच्या दिवशी पायथ्याला सगळे स्टॉलवाले जमले. वडापाववाल्याने हाळी दिली, “गंगाभाऊ, बंदुकीला काजळ घातलं का न्हाई? आज बगायला पाव्हनं आल्यात!” गंगारामही हसला. त्याने धुतलेला सदरा घातला होता. अध्यक्षांनी स्वतः बंदूक घेतली. पहिला फुगा फुटला. दुसरा फुटला. हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मीही त्यांना मान हलवून धीर दिला, कारण अर्ज माझा होता.

त्यानंतर छर्रे हळूहळू एका बाजूला जाऊ लागले. मग फळीच्या कडेला. मग फळीबाहेर. अध्यक्षांनी बंदूक खाली ठेवली.

गंगारामने बंदूक उचलून डोळ्यांजवळ नेली. पिन आपल्या जागी होती, आणि पिन व कडी यांच्यामध्ये फट पडली होती. कडी पिनेवर रेटली गेली नव्हती. ती पिनेपासून दूर, मागे गेली होती.

“साहेब, ही मागं सरकतीया!” तो ओरडला. “पिन उलट्या अंगाला बसलीया. मला दोन दिस द्या.”

“गंगाराम, आज समोर जे झाले, ते सगळ्यांनी पाहिले,” अध्यक्ष म्हणाले. “काही म्हणायचे असेल तर पुन्हा अर्ज करा.”

शंकरआबा गर्दीतून बाहेर आले आणि सर्वांसमोर म्हणाले, “त्याची चूक न्हाई, सल्ला माजा व्हता.” परंतु ते ऐकण्यास कोणी थांबले नव्हते.

दुर्बीण मागे का सरकली, याचे कारण नंतर गंगारामनेच मला समजावून सांगितले, आणि त्याचा आनंद पाहून मी त्याला अडवले नाही. रायफलीत दारूचा स्फोट असतो. ती फक्त मागे जाते. छर्ऱ्याच्या बंदुकीत मात्र जाड स्प्रिंग आणि लोखंडी दट्ट्या असतो. चाप ओढला, की दट्ट्या पुढे झेपावतो. तेव्हा बंदूक किंचित मागे येते. परंतु दट्ट्या टोकाला जाऊन आदळतो, तेव्हा सारी बंदूक पुढे उडी मारते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा जबर असतो.

“आबाची यस्टी रिवस घेती आन् थांबती,” तो म्हणाला. “माजी यस्टी जरा मागं येती आन् एकदम म्होरं उडी मारती. उभा मानूस मागल्या शिटावर! अडसर मागं पायजे, भाऊ, मागल्या कडीच्या पाठीला.”

त्याने दुसरे भोक मागे पाडले आणि मागच्या कडीला पाठीमागून पिन टेकवली. मग हौसाबाईंच्या करंड्यातील कुंकू तेलात कालवून कडी आणि बंदूक या दोहोंवरून आडवी बारीक रेघ ओढली. कडी सरकली, तर रेघ तुटेल. घरामागच्या खाचरात तो दिवसभर छर्रे झाडत राहिला. रेघ तुटली नाही. दुसऱ्या दिवशीही तुटली नाही. तो बंदूक गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला आणि रेघ दाखवत म्हणाला, “लिवा आता. बिनधास्त लिवा.”

मी दुसरा अर्ज लिहिला. तो माझ्या हातून उतरलेल्या उत्तम अर्जांपैकी एक आहे, हे नम्रपणे नमूद करतो. वाचून दाखवला, तेव्हा त्याने एकदाही थांबवले नाही. अंगठा उठवल्यावर बोट पुसण्यासाठी मी फडके दिले, तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, घरी दावतो.”

समितीची पुढची बैठक लांबणीवर पडली. कोणाकडे लग्न होते, कोणी गावाला गेले होते. यात कोणाचा दोष नाही. तेवढ्या काळात गंगाराम भाताचे भारे वाहत असता त्याच्या छातीत कळ आली. वस्तीवरून जीप खाली येईपर्यंत सर्व संपले होते.

दहाव्याला मी गेलो होतो. विधी आटोपून सगळे परतत असता वाटेत स्टॉल लागला. ताडपत्री काढून नेलेली, फळी ओढ्यात पडलेली. खांबावर कागद मात्र तसाच होता. मी तो काढायला हात लावला, तेव्हा मागून हौसाबाई म्हणाल्या, “नगा काढू, भाऊ. ते म्हनायचे, ज्यांनी लावलाय त्यांनीच काढायचा.”

“पण वहिनी, लोक वाचतात.”

“मला कुटं वाचता येतंय? गडावर जानारं प्वारगंसुदिक थांबून वाचतंय आन् माज्याकडं बगतंय. मला कळतंय काय लिवलंय ते.”

त्यानंतर समितीचे उत्तर आले. ते माझ्या पत्त्यावर आले, कारण अर्जावर पत्रव्यवहारासाठी पत्ता माझा दिला होता. ‘अर्जदार मयत असल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ मी ते हौसाबाईंना वाचून दाखवले. माझ्या पद्धतीप्रमाणे, मोठ्याने. निकाली म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, संपला. त्या म्हणाल्या, “आन् त्यो शबुद?”

त्या शब्दाबद्दल उत्तरात काहीही नव्हते.

मी त्यांना घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चहा दिला. ते खरोखर अवघडले होते. “मावशी, मी तरी काय करू? तपासणीला अर्जदार हजर लागतो.”

“अर्जदार न्हाई, बाबा,” हौसाबाई म्हणाल्या. “बंदूक हाय की.”

अध्यक्षांनी आणखी चहा मागवला. आम्ही उठलो.

परत वस्तीवर आल्यावर हौसाबाईंनी गोणपाट सोडले आणि बंदूक माझ्या हातात दिली. मी आयुष्यात लेखणीखेरीज काही धरलेले नाही. तरी साक्षीदार म्हणून नाव द्यावयाचे, तर प्रत्यक्ष पाहणे कर्तव्य होते. त्यांनी खाचराच्या बांधावर फुगे बांधले. मी दुर्बिणीतून पाहिले. फुगा इतका जवळ दिसला, की त्याची गाठही दिसली. मी चाप ओढला. छर्रा कोठे गेला, ते कळले नाही.

“सरकली!” मी घाबरून म्हणालो.

“हात तुमचा हलला, भाऊ. दुर्बीण न्हाई.”

त्यांनी बंदूक घेतली, गुडघा टेकला, पदर खोचला. एक फुगा फुटला. शेजारचा फुटला. मग उरलेले सगळे फुटले, एकामागून एक, आणि त्या पुन्हा नवे बांधून येत राहिल्या व फोडत राहिल्या. फुगे संपले, तेव्हा त्यांनी बंदूक माझ्यासमोर आडवी धरली. कुंकवाची रेघ सलग होती. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर तेव्हा काही नव्हते. त्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “येवढंच ऱ्हायलंय.”

कागदावर सर्व काही मांडता येते, असा माझा आजवर अभिमान होता. तो मी अद्याप सोडलेला नाही. परंतु फुगा फुटण्याचा आवाज अर्जात उतरत नाही, हे मला मान्य केले पाहिजे. मयताचा अर्ज निकाली निघतो. मयताला लागलेला शब्द मात्र खांबावर राहतो. त्याला निकाली काढण्याची तरतूद कोठे आहे, हे मी शोधले. मला सापडली नाही.

सबब, पायथ्याच्या विक्रेता समितीस या अंकाद्वारे सविनय सादर करण्यात येते की :

सदर बंदूक हौसाबाईंकडे सुस्थितीत आहे. मागच्या कडीस मागून अडसर आहे. रेघ अखंड आहे. समितीने आपल्या सोयीचा कोणताही दिवस ठरवून समक्ष तपासणी करावी. अर्जदार येऊ शकत नाहीत. साक्षीदार क्रमांक एक, दोन व तीन हजर राहतील. नेम समितीच्या कोणीही धरावा. दुर्बीण सरकल्यास आमचे काही म्हणणे नाही. न सरकल्यास आदेशातील ‘फसवणूक’ हा शब्द खोडावा आणि खांबावरील कागद ज्यांनी ठोकला, त्यांनीच आपल्या हाताने काढावा.

या अर्जात क्षमा मागितलेली नाही आणि दयेची विनंतीही केलेली नाही. तशी मूळ अर्जदारांची सूचना होती.

उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवावे. मी ते मोठ्याने वाचून दाखवीन. आपण याल त्या दिवशी फुगे आम्ही सकाळीच फुगवून ठेवू.